लिहिलेले आणि वाचलेले

सप्टेंबर १९९५मध्ये कॅलिफोर्नियातील पिअर ओमिद्यार या संगणक-तंत्रज्ञाने आपल्या नव्या लिलाव-संकेतस्थळावर एक मोडका लेझर पॉइंटर विक्रीस ठेवला. तो मोडका आहे, हे वर्णनात स्पष्ट लिहिलेले होते. तरीही तो १४.८३ डॉलरला विकला गेला. तेव्हा ओमिद्यारने गिऱ्हाइकास पत्र पाठवून विचारले की, वस्तू चालत नाही हे आपल्या ध्यानात आले आहे ना? आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो, असे उत्तर आले. पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या बाजाराची ही आरंभकथा संग्राहकांच्या हौसेला मोल नसते, हे दाखवण्यासाठी सांगितली जाते. आम्हांस मात्र तीत विक्रेत्याची शंका अधिक लक्षणीय वाटते. आपण लिहिले ते वाचले गेले नसावे, असे या बाजारातील पहिल्याच लेखकास वाटले.

ही शंका पुढे या व्यापारातील कायमचे गाऱ्हाणे झाली. मोजमाप दिलेले असूनही पेला अपेक्षेहून लहान निघाला म्हणून तक्रार येते. चार्जर सोबत नाही असे लिहूनही चार्जर कुठे आहे, अशी विचारणा होते. त्यावर विक्रेत्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ठळक अक्षरांतील एक ओळ: ‘बोली लावण्यापूर्वी संपूर्ण वर्णन वाचावे.’ ही ओळ त्या न वाचल्या जाणाऱ्या वर्णनातच असते, यातील विनोद गिऱ्हाइकापेक्षा विक्रेत्यास अधिक झोंबणारा आहे.

‘लोक वाचत नाहीत’ हे या गाऱ्हाण्याचे नेहमीचे उत्तर. ते पुरेसे नाही, हे जुने खटले पाहिले म्हणजे कळते. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकावर पार्कर नावाच्या प्रवाशाने दोन पेन्स देऊन आपली पिशवी सामानघरात ठेवली. मिळालेल्या चिठ्ठीवर ‘मागे पाहा’ असे छापलेले होते, आणि मागे १० पौंडांवरील सामानाची जबाबदारी कंपनी घेत नाही अशी अट होती. पिशवी हरवली, तिची किंमत २४ पौंड १० शिलिंग होती. चिठ्ठी आपण वाचली नाही, ती केवळ पावती आहे असे समजलो, असे पार्करचे म्हणणे. १८७७मध्ये अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश देताना प्रश्नच बदलला. प्रवाशाने वाचले की नाही, एवढ्यावर निकाल लागणार नव्हता. अटींची पुरेशी सूचना मिळेल अशी व्यवस्था कंपनीने केली होती काय, हे पाहायचे होते.

१९३४च्या एका खटल्यात याच्या उलट झाले. वेल्समधील एका उपाहारगृहाच्या मालकिणीने सिगारेटचे यंत्र घेताना बारीक छपाईच्या कागदावर सही केली होती. यंत्र बिघडले, पण सही असल्यामुळे कागद वाचला नव्हता ही सबब चालली नाही. तो कागद म्हणजे नुसता मागणीचा अर्ज आहे, अशी तिची समजूत होती.

येथे थोडे थांबावयास हवे. दोघांनीही केवळ ‘वाचले नाही’ असे म्हटलेले नाही. एकाने पावती समजून कागद हाती घेतला, दुसरीने अर्ज समजून. डोळा शब्दांकडे वळण्यापूर्वीच मनाने त्या लेखनाचा प्रकार ठरवून टाकलेला होता, आणि पावती कोणी वाचत बसत नाही.

डिसेंबर २०१३मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या एका तरुणाने ईबेवर ४५० पौंड मोजले आणि त्यास एक्सबॉक्स या खेळयंत्राचे छायाचित्र मिळाले. वर्णनात ‘छायाचित्र’ हा शब्द होता, आणि त्याने तो पाहिलाही होता. पण वस्तू खेळयंत्रांच्या विभागात मांडलेली असल्यामुळे त्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नाही. पुढे त्याचे पैसे परत मिळाले. येथे वाचन झाले होते. पण विभाग, किंमत, मांडणी या साऱ्यांनी एक गोष्ट सांगितली आणि एका शब्दाने दुसरी. मग तो एकटा शब्द हरला. आणि या वेळी त्या हरण्यावरच विक्रेत्याची मदार होती. म्हणजे ‘लिहिले होते’ हा बचाव प्रामाणिक माणसाइतकाच लबाडालाही उपयोगी पडतो.

प्रामाणिक विक्रेत्याची अडचण यामुळे कमी होत नाही. मे २००८पासून ईबेने विक्रेत्यास गिऱ्हाइकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याची मुभा ठेवली नाही. सूडाच्या भयाने गिऱ्हाईक खरे बोलत नाही, हे त्यामागील कारण होते आणि ते खोटे नव्हते. पण न वाचता घेणाऱ्याने दिलेला ठपका तेवढा उरला. मग वर्णने लांबू लागली. त्यांत वस्तू कमी आणि अटी अधिक दिसू लागल्या. ती गिऱ्हाइकासाठी न राहता उद्याच्या तंट्यात निवाडा करणाऱ्यासाठी लिहिली जाऊ लागली. जे आपल्यासाठी लिहिलेलेच नाही, ते गिऱ्हाईक का वाचील?

दुसरी वाटही जुनीच आहे. शिकागोच्या आरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२मध्ये एका पानाची यादी काढून दूरच्या शेतकऱ्यांस टपालाने माल विकण्यास आरंभ केला, आणि १८७५पासून समाधान न झाल्यास पैसे परत देण्याची हमी दिली. वाचनात चूक होणारच हे धरून त्याने तिचा खर्च व्यापारात मिळवला. मोठ्या पेढीस हे परवडते; घरातील चार जुन्या वस्तू विकणाऱ्यास एक परतावाही जड जातो. त्याचे गाऱ्हाणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही ते यामुळे.

साहित्याच्या वर्गातही हा प्रसंग आम्हांस नवा नाही. ‘हे पाठातच आहे’ असे विद्यार्थ्यास सांगताना आपण त्या विक्रेत्याच्याच जागी उभे असतो. विद्यार्थ्याने कादंबरीला चरित्र समजून किंवा उपरोधाला उपदेश समजून वाचले असेल, तर तेच वाक्य पुन्हा ठळक अक्षरांत दाखवून काय होणार? तो काय समजून वाचत होता, हे आधी विचारावे लागते. ओमिद्यारने पत्र पाठवून तेच विचारले होते. त्याच्याजवळ विकायला एकच वस्तू होती, म्हणून त्यास ते जमले.