कागदावर शून्य

2010 नंतर जगात सीएफसी-11 हा वायू जवळपास कुणीच बनवत नव्हतं. म्हणजे कागदावर. 1987च्या मॉन्ट्रियल करारानुसार प्रत्येक देश आपला हिशोब स्वतःच लिहून देतो, आणि त्यात उत्पादन शून्याला टेकलं होतं. फ्रीज आणि इमारतींच्या फोममध्ये वापरला जाणारा हा वायू ओझोनचा थर तर खातोच, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या काही हजार पट उष्णता अडवतो.

हवेत तो असतो किती? लाख कोटी रेणूंमागे अडीचशेहूनही कमी. एवढंसं मोजता येतं ते जेम्स लव्हलॉक यांनी बनवलेल्या उपकरणामुळे. 1971मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेल्या जहाजावरून त्यांनी भर समुद्रातली हवा तपासली, तर तिथेही सीएफसी-11! (गंमत म्हणजे त्यात काही धोका असेल असं तेव्हा त्यांना वाटलं नव्हतं.)

हा वायू पन्नासेक वर्षं टिकतो. त्यामुळे उत्पादन थांबल्यावर त्याचं हवेतलं प्रमाण संथपणे, पण ठरल्यासारखं घटायला हवं होतं. अमेरिकेच्या 'नोआ' संस्थेतल्या स्टीफन मॉन्ट्स्का यांना दिसलं, की 2012नंतर घटीचा वेग निम्म्यावर आलाय. आधी सोपी उत्तरं तपासली गेली: वारे बदलले का? जुन्या इमारती पाडताना फोममधला वायू सुटतोय का? तेवढ्याने हिशोब जुळेना. उत्तर आणि दक्षिण गोलार्धातला फरकही वाढत होता, म्हणजे स्रोत उत्तरेत. 2018मध्ये त्यांनी लिहिलं: वर्षाला सुमारे 13 हजार टन जास्त वायू हवेत जातोय, बहुधा पूर्व आशियातून.

माझ्या मते खरी कमाल पुढे आहे. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गोसान इथे एक मोजणी केंद्र आहे. चीनकडून वारा आला की तिथला आकडा उसळायचा. शास्त्रज्ञांनी संगणकावर तो वारा उलटा वाहवला, आणि 2019मध्ये बोट ठेवलं ते मुख्यतः शानतुंग आणि हपेई या प्रांतांवर. पूर्व चीनमधून वर्षाला सुमारे 7 हजार टन वाढ. फोमच्या धंद्यात हा वायू सर्रास वापरला जात असल्याचं पर्यावरण कार्यकर्त्यांनी 2018मध्येच उघड केलं होतं. मग चीनमध्ये छापे पडले, आणि 2021मध्ये हवेनेच कळवलं, की उत्सर्जन पुन्हा उतरलंय.

पण 13 वजा 7? उरलेल्याचा पत्ता लागला नाही. जगाच्या मोठ्या भागावरून वाहणारा वारा अशा कुठल्याच केंद्रापर्यंत पोचत नव्हता.