शिपायाच्या चहातला नफा

पुण्याच्या कँपात, देवळालीला किंवा नगरला ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'मिलिटरी कँटीन' म्हणजे काय ते सांगायला नको. शेजारच्या सुभेदारकाकांच्या ओळखीने आलेला पंखा, प्रेशर कुकर आणि (वडीलधाऱ्यांच्या नजरेआड) रमची बाटली! इंग्लंडात आल्यावर इथल्या जुन्या पिढीच्या तोंडून 'नाफी' हा शब्द ऐकला आणि कुतूहलाने थोडे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की ही दोन्ही दुकाने एकाच घराण्यातली.

नाफी म्हणजे 'नेव्ही, आर्मी अँड एअर फोर्स इन्स्टिट्यूट्स'. तिचा जन्म परोपकारापेक्षा लाचखोरीच्या कंटाळ्यातून झाला, असे मी म्हणेन. एकोणिसाव्या शतकात पलटणीचे कँटीन ठेकेदाराला देत. ठेकेदार पलटणीला पैसे भरी आणि ते शिपायाच्या बिअर-चहातून वसूल करी. १८९४ साली काही अधिकाऱ्यांनी यावर तोडगा म्हणून सहकारी संस्था काढली, पण ठेकेदारांची पकड सुटली नाही. १९१४ साली लंडनमध्ये गाजलेला खटला उभा राहिला. कँटीनचे ठेके मिळवण्यासाठी लष्करातल्या लोकांना पैसे चारल्याबद्दल लिप्टन कंपनीची माणसे आणि पैसे घेणारे लष्करी लोक दोषी ठरले. आपल्या सकाळच्या चहाशी जोडलेले हे नाव अशा प्रकरणात भेटावे, याची गंमत वाटते.

लगेच महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये आघाडीवरच्या सैन्यासाठी वेगळी कँटीन संघटना उभारली गेली. युद्धानंतर चर्चिल युद्धमंत्री असताना हे सारे एकत्र करण्याचे ठरले, आणि १ जानेवारी १९२१ पासून नाफीचा व्यवहार सुरू झाला. तिची मेख अशी की तिला भागधारकच नाहीत. नफा झाला तर तो सवलतीच्या आणि कल्याणनिधीच्या रूपाने पुन्हा सैन्याकडेच जायचा. ठेकेदाराच्या खिशातला पैसा शिपायाच्या खेळाच्या मैदानात आणि करमणुकीत आला. दुसऱ्या महायुद्धात तिचा पसारा सुमारे सात हजार कँटीन आणि शहाण्णव हजार नोकरांपर्यंत गेला. सैनिकांसाठी नाटके-गाणी करणारी 'एन्सा' ही संस्थाही तिच्याच पंखाखाली होती. नाफीची माणसे काउंटरमागेच राहिली असेही नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात 'आर्डेंट' या युद्धनौकेवरचे कँटीन व्यवस्थापक जॉन लीक यांनी मशीनगन चालवली आणि शौर्यपदक मिळवले.

पुढे मात्र उतार लागला. सक्तीच्या लष्करी सेवेतले शेवटचे शिपाई १९६३ मध्ये घरी गेले. उरलेल्या सैनिकाकडे मोटार आली आणि गावाबाहेर सुपरमार्केट आले. स्वस्त टोमॅटोपुढे पलटणीची निष्ठा किती टिकणार? लंडनला केनिंग्टनमधल्या 'इंपीरियल कोर्ट' या भव्य इमारतीतून नाफीचा कारभार अनेक दशके चालला. तिथे आता लोकांची राहती घरे आहेत. नाफी आहे, पण पूर्वीच्या मानाने फारच लहान.

हिंदुस्थानातही आधी ठेकेदारच होते. १९४२ मध्ये सरकारने त्यांच्या सिंडिकेटकडून काम आपल्या हाती घेतले आणि १ जानेवारी १९४८ रोजी 'कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट' सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत चर्चगेटजवळ, महर्षी कर्वे मार्गावरच्या 'अडेल्फी' इमारतीत आहे. माल या खात्याचा, पण दुकान पलटणीचे, आणि दुकानाचे उत्पन्न त्या पलटणीच्या कल्याणासाठी, अशी ही रचना.

पाकिस्तानची गोष्ट याहून वेगळी, आणि मला ती सर्वांत विचार करायला लावते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या हिंदी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटिशांनी १९४५ मध्ये एक निधी ठेवला. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ज्या फौजेत लढले, त्याच फौजेच्या जवानांसाठी तो होता. फाळणीत त्याचीही वाटणी झाली. पाकिस्तानने आपला वाटा १९५४ मध्ये कापड गिरणीत घातला आणि 'फौजी फाउंडेशन' जन्मले. त्यातून साखर, खत, सिमेंट आणि न्याहारीचे पोहेसुद्धा आले! रुग्णालये आणि शाळाही झाल्या, हे खरेच. नोंदणी १८९० च्या धर्मादाय कायद्याखालची आणि सूत्रे मात्र संरक्षण खात्याच्या वर्तुळात. आयेशा सिद्दिका यांनी २००७ च्या 'मिलिटरी इन्क.' या पुस्तकात अशा लष्करी धंद्यांवर कठोर बोट ठेवले. निवृत्त जवानाच्या औषधपाण्यासाठी म्हणून चालणारा कारखाना उद्या सेनापतींना तो आपलाच वाटायला लावतो, आणि मग त्यांच्याशी स्पर्धा कोण करणार?

आपल्याकडे तसे झाले नाही, म्हणून मिशीला पीळ द्यायचे मात्र कारण नाही. १९७७ पासून कँटीन खात्याचा पैसा भारताच्या एकत्रित निधीतून फिरतो, त्यामुळे संसदेला त्याचा हिशेब कळतो. पण २०१० च्या सुमारास महालेखापरीक्षकांनी या खात्याची तपासणी केली, तेव्हा पलटणींनी चालवलेल्या कँटीनचे हिशेब त्यांच्या कक्षेबाहेर असल्याचा वाद निघाला. हा पलटणीचा खासगी निधी आहे, सरकारी पैसा नव्हे, असे संरक्षण खात्याचे म्हणणे. करात सवलत देऊन विकलेल्या मालाचा नफा खासगी कसा, हा तपासनिसांचा प्रश्न मला रास्त वाटतो. इंग्रज ठेकेदारांच्या काळातही पलटणीचा निधी हा पलटणीचाच मानला जाई, आणि १९१४ चा खटला नेमका त्याच आडोशाआड शिजला होता.