आगबोटीच्या वाटेवरची बंदरं



आमच्या सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. बाजारात वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान. लग्न होऊन मुंबईला आल्या त्या आगबोटीनं. नंतर माहेरपण, बाळंतपणं, भावाचं लग्न, सगळं बोटीनंच. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही नावं त्यांना आजही ओळीनं पाठ आहेत. पण यंदा दिवाळीनंतर सहज विचारलं, "आई, सिंधुदुर्ग आतून कसा आहे हो?" तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी बोटीतून तट पाहिला."

म्हणून आम्ही निघालो. आता ती आगबोट नाही. तेव्हा गाडी घेतली, वाटेतल्या खाड्या जमेल तिथे फेरीबोटीनं ओलांडल्या आणि थांबत थांबत गेलो.

जुनी बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटे आणि गोव्याला दुसऱ्या दिवशी पोचे. पावसाळ्यात ती बंद. बहुतेक बंदरांत धक्क्याला लागायची सोयच नव्हती. बोट खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. बोट वर-खाली, पडाव वर-खाली, आणि मधल्या क्षणी खलाशी बाईमाणसाला हाताला धरून उतरवून घेई. पोरं तर अशी हातोहात जात, जशा फणसाच्या पाट्या! सासूबाई म्हणतात, "एका हातात लेक, एका हातात ट्रंक, आणि तोंडात णमोकार." भीती उगाच नव्हती. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या लहानपणी ते नाव घरात कुणी मोठ्यानं घेत नसे.

हर्णैला समोर सुवर्णदुर्ग. 1755 साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला. वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. घरातल्या भांडणात शेजाऱ्याला बोलवावं आणि त्यानं घराचा दरवाजाच काढून न्यावा, तसं झालं. शाळेत आपण किल्ले पाठ केले, पण ही गोष्ट कुणी नीट सांगितली नव्हती. विजयदुर्गाच्या तटावर उभी राहून मला ती फार लागली.

दाभोळला फार थांबलो नाही. एके काळी अरबी घोडे उतरणारं मोठं बंदर, आता शांत गाव. पाण्याकाठची जुनी मशीद मात्र देखणी आहे.

रत्नागिरीत थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं. राजवाडा पुरा व्हायला 1910 उजाडलं आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. म्हणजे राजवाडा वाट्याला आला जेमतेम सहा वर्षं. इतिहासाची पुस्तकं राजाबद्दल बोलतात. माझं मन राणी सुपयालतकडे गेलं. परका मुलूख, परकी भाषा, पदरात मुली, आणि माहेर समुद्रापार. सासूबाई गच्चीतून बराच वेळ खाडीकडे बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "हिला परतीची बोट नव्हती."

मालवणला पहाटेच उठलो, कारण ऊन चढायच्या आत आईंना किल्ल्यावर न्यायचं होतं. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पायात शिसं ओतलंय. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले हाताचे-पायाचे ठसे आहेत. पण आम्हा दोघींना खिळवलं ते विहिरींनी. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या! पाणी गाळून, जपून वापरणाऱ्या आपल्या घरांतल्या बाईला त्यांचं मोल वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी साखरबावेत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "इतक्या वेळा इथून गेले, आणि इथं गोडं पाणी आहे हे माहीतच नव्हतं."

शेवटी वेंगुर्ले. डचांनी 1655 मध्ये बांधलेली वखार पडक्या भिंतींनिशी उभी आहे. "तिथं साप आहेत" म्हणून लहानपणी मुलींना आत जाऊ देत नसत, मुलगे मात्र खुशाल जात. आता शहाऐंशीव्या वर्षी माझ्या खांद्याला धरून आई आत गेल्या, सगळ्या खोल्यांतून फिरल्या. साप काही दिसला नाही.

तिथून बंदरावर गेलो. पडाव नक्की कुठं लागत, ते त्यांना सापडेना. धक्का बदललेला, दीपस्तंभ तेवढा ओळखीचा. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, अजून हातभर वर होता. "चला, वेळ आहे," म्हणत धक्क्याच्या पायरीवर बसल्या आणि दशम्यांचा डबा उघडला.