संगणकाची पुनर्स्थापना : एका उपचारपद्धतीचा इतिहास (१९९५ ते २०२५)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना नवीन यंत्रे, नवीन संगणकीय भाषा आणि त्या घडविणारे संशोधक यांना प्राधान्य दिले जाते. यंत्र विकत घेतल्यानंतर ते वर्षानुवर्षे चालते ठेवण्यासाठी ज्या पद्धती रूढ झाल्या, त्यांची नोंद मात्र क्वचितच होते. संथ झालेल्या संगणकाची हार्ड डिस्क पुसून तीवर ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन प्रणाली, पुन्हा स्थापित करणे ही अशीच एक पद्धती होय. बोलीभाषेत तिला 'फॉरमॅट मारणे' असे म्हणतात. घरे, कार्यालये, महाविद्यालयीन प्रयोगशाळा आणि सायबर कॅफे यांमध्ये ही पद्धती दीर्घकाळ प्रचलित होती. तिचा उदय कोणत्या तांत्रिक परिस्थितीतून झाला, तिने काय साधले, तिच्यामुळे काय गमावले गेले आणि पुढे तिचे स्वरूप कसे पालटले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. विवेचन मुख्यत्वे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीपुरते मर्यादित आहे.

संगणक मंदावण्याची कारणे

यंत्राचे सुटे भाग झिजल्याने ते मंदावते हा नेहमीचा अनुभव आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र प्रोसेसर पाच वर्षांनंतरही जवळजवळ त्याच गतीने आकडेमोड करतो. मग मंदत्व येते कोठून? याचे उत्तर प्रणालीच्या रचनेत शोधावे लागते.

विंडोज ३.१ या १९९२ च्या आवृत्तीपर्यंत बहुतेक प्रोग्रॅम आपली मांडणी साध्या मजकुराच्या 'आयएनआय' फाइलींमध्ये ठेवीत असत. २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ९५ ने 'रजिस्ट्री' नावाच्या मध्यवर्ती नोंदसंग्रहाला प्रणालीच्या केंद्रस्थानी आणले. यंत्रसामग्री, प्रोग्रॅम आणि वापरकर्त्याच्या आवडीनिवडी या सर्वांच्या नोंदी तेथे एकत्र येऊ लागल्या. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या सर्व नोंदी निघून जातीलच याची शाश्वती नव्हती.

दुसरे कारण सामायिक ग्रंथालय-फाइलींचे, म्हणजे 'डीएलएल' फाइलींचे होते. अनेक प्रोग्रॅमनी एकच फाइल वापरावी आणि जागा वाचवावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु नवा प्रोग्रॅम स्थापित होताना त्याच नावाची वेगळी आवृत्ती जुन्या फाइलीच्या जागी बसवी आणि त्यामुळे आधीचा प्रोग्रॅम बिघडे. या गोंधळाला संगणकतज्ज्ञांनी 'डीएलएल नरक' असे नावच दिले होते.

तिसरे कारण हार्ड डिस्कवरील फाइलींच्या विखंडनाचे. फाइलीचे तुकडे डिस्कवर विखुरले गेले की वाचन करणाऱ्या यांत्रिक शीर्षाला अधिक हालचाल करावी लागते. यावर उपाय म्हणून १९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्येच 'डिफ्रॅग' हा प्रोग्रॅम देण्यात आला होता. यांखेरीज संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची वाढती संख्या, विषाणू, जाहिराती दाखविणारे छुपे प्रोग्रॅम आणि निर्मात्यांनी आधीच भरून दिलेली अनावश्यक सॉफ्टवेअर यांचाही भार पडत असे.

या प्रत्येक कारणावर स्वतंत्र उपाय शक्य होता. परंतु नेमके कोणते कारण लागू आहे हे ओळखण्यास कौशल्य आणि वेळ लागत असे. सर्व काही पुसून पुन्हा आरंभ करणे यात निदानाची गरजच नव्हती. या उपचाराच्या लोकप्रियतेचे रहस्य येथे आहे.

कार्यपद्धती आणि तिच्यातील धोके

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात या कामासाठी आरंभक फ्लॉपी, प्रणालीची सीडी, परवाना-क्रमांक आणि ध्वनी, चित्र, मोडेम इत्यादींची 'ड्रायव्हर' सॉफ्टवेअर हाताशी असावी लागत. प्रणाली बसल्यानंतर एकेक ड्रायव्हर, मग एकेक प्रोग्रॅम असा क्रम असे. संपूर्ण काम पुरे होण्यास अनेकदा एक दिवसही अपुरा पडे.

खरी अडचण वापरकर्त्याच्या कामाची होती. विंडोज ९८ मध्ये 'माय डॉक्युमेंट्स' ही फोल्डर प्रणाली असलेल्या सी ड्राइव्हवरच असे. ती आठवणीने दुसरीकडे ठेवली तरी आउटलुक एक्सप्रेसमधील पत्रव्यवहार एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये असल्याने तो राहून जाण्याचा संभव मोठा होता. विंडोज २००० पासून उपलब्ध झालेल्या सांकेतिकीकरणाच्या सोयीने नवाच धोका निर्माण केला. किल्लीचे प्रमाणपत्र आधी काढून न ठेवता प्रणाली पुन्हा स्थापित केल्यास जपून ठेवलेल्या फाइलीही कायमच्या अवाचनीय होत. डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून स्वतःचे काम डी भागात ठेवण्याची जी सवय पडली, तिचा उगम या अनुभवात आहे.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीने उत्पादन-सक्रियीकरणाची अट आणली. पुनर्स्थापनेनंतर ३० दिवसांच्या आत कंपनीकडून मान्यता घेणे आवश्यक ठरले. आपल्याच यंत्रावर आपण विकत घेतलेली प्रणाली पुन्हा बसविण्याची कृती अशा रीतीने उत्पादकाच्या परवानगीशी जोडली गेली.

ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' या कीटकाने आणखी एक विसंगती उघड केली. त्यास रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु जुन्या सीडीवरून बसविलेल्या प्रणालीत ती नसे. ती उतरवून घेण्यासाठी इंटरनेटला जोडावे, तर जोडताच कीटकाची बाधा होण्याची भीती. शुद्ध करण्यासाठी नव्याने स्थापित केलेला संगणक सर्वांत असुरक्षित ठरावा, असा हा प्रसंग होता. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू ठेवण्यात आल्यानंतर ही स्थिती सुधारली.

मराठी वापरकर्त्यांचा विशेष अनुभव

मराठीत काम करणाऱ्यांना या पद्धतीची अधिक किंमत मोजावी लागली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली. तिच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमामुळे संगणकसाक्षरतेचा प्रसार झाला. मात्र त्या काळातील मराठी टंकलेखन मुख्यतः पुण्याच्या सी-डॅकचे 'आयएसएम', 'श्रीलिपी', 'आकृती' यांसारख्या सॉफ्टवेअरवर आणि त्यांच्या विशिष्ट फाँटवर अवलंबून होते. या फाँटमध्ये देवनागरी अक्षरखंड रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेले असत. पुनर्स्थापनेनंतर तो फाँट परत बसविला नाही, तर जपून ठेवलेला मराठी लेख रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या निरर्थक ओळींच्या रूपात दिसे. फाइल शाबूत, पण तिचा अर्थ हरवलेला, अशी ही अवस्था होती.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून होता आणि विंडोज २००० ने त्यास प्रत्यक्ष आधार दिला. तथापि विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीसाठी 'जटिल लिप्यां'ची सोय स्वतंत्रपणे चालू करावी लागे व त्यासाठी पुन्हा मूळ सीडी मागितली जाई. ज्याच्याजवळ सीडी नाही, त्याच्या नव्या कोऱ्या संगणकावर मराठी नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय मुळातच अंतर्भूत झाली. पुनर्स्थापनेचा इतिहास हा केवळ गतीचा इतिहास नसून लेखनाच्या जतनाचाही इतिहास आहे, हे यावरून स्पष्ट होते.

उपचाराची तात्त्विक बाजू

सॉफ्टवेअर झिजत नसले तरी 'म्हातारे' होते, हा विचार संगणकशास्त्रात गांभीर्याने मांडला गेला आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९९४ मधील आपल्या निबंधात या वार्धक्याची दोन कारणे सांगितली. बदलत्या गरजांप्रमाणे न बदलणे हे पहिले, आणि मूळ रचना न समजलेल्यांनी त्यात केलेले बदल हे दुसरे. १९९५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील यिनन हुआंग, चंद्र किंतला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सॉफ्टवेअरचे पुनरुज्जीवन' ही संकल्पना मांडली. दीर्घकाळ चालणारा प्रोग्रॅम बिघडण्याची वाट न पाहता तो ठरावीक काळाने थांबवून स्वच्छ अवस्थेतून पुन्हा सुरू करावा, असे तिचे सार आहे.

साचत जाणारी त्रुटी किती घातक ठरू शकते याचे उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे घडले. तेथील पॅट्रियट क्षेपणास्त्र-यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. तिच्या कालगणनेतील सूक्ष्म चूक साचून सुमारे एक-तृतीयांश सेकंदाची झाली. परिणामी येणारे स्कड क्षेपणास्त्र रोखता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा मध्येच बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर ही साचलेली चूक शून्यावर आली असती.

तथापि पुनरारंभ आणि पुनर्स्थापना यांत भेद करणे आवश्यक आहे. पुनरारंभाने तात्पुरत्या स्मृतीतील साचलेपण जाते, पुनर्स्थापनेने डिस्कवरील. दोहोंतही मूळ चूक तशीच राहते. तेच प्रोग्रॅम पुन्हा भरले की तेच मंदत्व कालांतराने परतते. शिवाय संगणक पहिल्या दिवसाइतका वेगवान झाला तरी त्यावर चालवावयाची कामे पहिल्या दिवसाची राहिलेली नसतात. विंडोज ९५ ची किमान स्मृती-गरज ४ मेगाबाइट, एक्सपीची ६४ मेगाबाइट, तर व्हिस्टाची ५१२ मेगाबाइट होती. सॉफ्टवेअर ज्या वेगाने जड होते त्या वेगाने यंत्रे जलद होत नाहीत, या आशयाचे निरीक्षण निकलाऊस विर्थ यांनी १९९५ मध्येच नोंदविले होते. पुनर्स्थापना या वाढीवर उपाय ठरू शकत नाही.

पद्धतीचे रूपांतर

या पद्धतीतील श्रम कमी करण्याचा प्रयत्न प्रथम मायक्रोसॉफ्टबाहेर झाला. न्यूझीलंडमधील मरे हॅझार्ड यांनी विकसित केलेला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलेला 'घोस्ट' हा प्रोग्रॅम संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ती काही मिनिटांत परत उतरवीत असे. जेथे एकाच प्रकारचे अनेक संगणक असत, अशा प्रयोगशाळांना तो विशेष उपयुक्त ठरला.

पुढे प्रणालीतच सुधारणा झाल्या. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या पाच प्रती राखू लागली. विंडोज २००० ने महत्त्वाच्या फाइलींना संरक्षण दिले. विंडोज मिलेनियममध्ये मागील स्थितीत परतण्याची सोय आली, आणि एक्सपीने सामायिक फाइलींच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदू दिल्या. व्हिस्टाची स्थापनाच तयार प्रतिमेवरून होऊ लागली. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये 'रिफ्रेश' व 'रिसेट' अशी दोन साधने देण्यात आली. पहिल्यात वापरकर्त्याच्या फाइली राहत, दुसऱ्यात सर्व काही पुसले जाई. २०२० पासून विंडोज १० मध्ये प्रणाली थेट इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा पर्याय आला. ॲपलने २०११ च्या लायन आवृत्तीपासून असाच मार्ग स्वीकारला होता. त्याच सुमारास प्रसार पावलेल्या घन-स्थिती डिस्कमध्ये यांत्रिक शीर्षच नसल्याने विखंडनाचे कारणही बहुतांशी निष्प्रभ झाले.

या सर्व बदलांमागे एक समान सूत्र आढळते. प्रणाली, प्रोग्रॅम आणि वापरकर्त्याचे काम हे तीन घटक जसजसे वेगळे होत गेले, तसतशी पुनर्स्थापना सोपी होत गेली, आणि तिची गरजही कमी होत गेली.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पुनर्स्थापना हा रचनेतील दोषावर वापरकर्त्याच्या श्रमाने केलेला उपचार होता. उपचार गुणकारी होता, कारण साचलेले सर्व काही तो एकदम नाहीसे करी. परंतु साचलेल्यांत केर आणि ठेवा असे दोन्ही असत व डिस्क पुसणारी आज्ञा त्यांत फरक करीत नसे.

आज या उपचाराची मर्यादा निराळ्या स्वरूपात समोर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आवश्यक असल्याने अनेक जुनी, परंतु धडधाकट यंत्रे तिच्या अधिकृत कक्षेबाहेर राहिली आहेत. अशा यंत्रावर जुनी प्रणाली पुन्हा बसविल्याने गती परत मिळेल. परंतु नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहण्याची हमी मिळणार नाही. तेथे लिनक्ससारखी मुक्त प्रणाली स्थापित करणे हा एक पर्याय उरतो. यंत्र केव्हा जुने झाले हे एकेकाळी त्याच्या मंदत्वावरून ठरे. आता ते पुष्कळदा पाठबळाच्या अंतिम तारखेवरून ठरते. म्हणूनच संगणक-शिक्षणात प्रणाली कशी बसवावी याबरोबरच आपले लेखन प्रमाणित युनिकोडमध्ये, प्रणालीपासून अलग आणि एकाहून अधिक ठिकाणी कसे जतन करावे, हेही शिकविले जाणे अगत्याचे आहे.