खिळ्याला टांगलेला बिल्ला

आमच्या गेवराईकडं जुनी माणसं एक्स-रे काढला असं म्हणत नाहीत, फोटो काढला म्हणतात. माझे मामा असे फोटो काढायचे. एका खाजगी दवाखान्यात त्यांची आख्खी हयात गेली. त्यांच्या नावाचा एक छोटा प्लास्टिकचा बिल्ला होता. तो शर्टावर कधी दिसला नाही, मशीनच्या खोलीतच खिळ्याला टांगलेला असायचा. का, तर "हरवला तर पैसे कापतील." दर तीन महिन्यांनी तो मुंबईला जायचा आणि आकडा यायचा. आकडा मामांचा नव्हता, भिंतीचा होता!

मित्रांनो, त्या बिल्ल्यामागं केवढा इतिहास आहे हे मला फार उशिरा कळलं.

८ नोव्हेंबर १८९५ ला रोंटगेनला क्ष-किरण सापडले. लोकांना त्याची जादू वाटली. एडिसनचा सहायक क्लेरन्स डॅली रोज त्या किरणांत हात धरून नळ्या तपासायचा. आधी हात भाजले, मग कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. अशी माणसं जगभर मेली. १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला त्यांचं स्मारक उभं राहिलं.

माणसं मरत होती, कारण किरण दिसत नाहीत आणि मोजायला सर्वांना मान्य असं मापही नव्हतं. ते १९२८ ला स्टॉकहोमच्या परिषदेत ठरलं, त्याचं नाव रोंटगेन.

आपल्याकडं हे काम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अंगावर घेतलं. आधी बिल्ल्यात फिल्म असायची. पण उष्णतेनं, दमटपणानं फिल्म खराब होते, आणि आपला उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून १९७५ पासून टीएलडी बिल्ला आला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. तापवलं की उजेड देतात, आणि तो उजेड मोजून डोस काढतात.

खरी मेख पुढं आहे. ही चकती सगळ्या किरणांना सारखं मोजत नाही. दवाखान्यातल्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना ती गॅमा किरणांच्या तुलनेत दहापटीच्या आसपास जास्त उजेड देते. म्हणून एका चकतीवर धातूची पट्टी, दुसरीवर प्लास्टिक आणि तिसरी उघडी. तिघींच्या उजेडाची तुलना केली की किरण कोणत्या जातीचे होते ते कळतं.

पण ही तुलना बरोबर की चूक, हे ठरवणार कोण? त्यासाठी प्रयोगशाळेत माहितीतला झोत तयार करावा लागतो. ट्यूबला ठरलेला व्होल्टेज द्यायचा. तांब्या-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी झोत गाळायचा. हवेत किती विद्युतभार सुटला ते आयनीकरण कक्षात मोजायचं. मग ३०×३०×१५ सेंमीचा पाण्यानं भरलेला डबा ठेवायचा, ती माणसाची छाती! त्यावर बिल्ला लावून झोत सोडायचा. दिलेला डोस आणि बिल्ल्यानं सांगितलेला डोस जुळला, तरच बिल्ला खरा. बाजारात तराजू तपासून शिक्का मारतात ना, तसंच हे.

१९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. आज कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. डोसची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

म्हणजे ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या डब्याला छाती मानून माप खरं केलं, आणि आमच्याकडं खऱ्या छातीचा बिल्ला खिळ्याला टांगला. मामांना आयुष्यभरात किती डोस बसला, हे आता कुणीच सांगू शकत नाही. साठ वर्षांची सगळी मेहनत एका खिळ्यापाशी वाया गेली.

तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी एक्स-रेच्या खोलीत काम करत असेल तर आजच दोन गोष्टी विचारा. बिल्ला छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावतो का? आणि मागचा आकडा किती आला? आकडा माहीत नसेल तर मालकाला मागा. तो आपला हक्काचा आहे, मेहेरबानी नव्हे.