लाल डोक्याखालचं हिरवं खोड

कॅक्टस जमवणाऱ्यांमध्येही उच्च-नीच असते. बियांपासून ॲस्ट्रोफायटम वाढवणारा वरच्या पंगतीला, आणि हिरव्या दांड्यावर लालभडक गोळा बसवलेला ‘मून कॅक्टस’ विकत आणणारा दाराशी. दर्दी मंडळी या रोपाकडे बघून नाक मुरडतात. नर्सरीवाले कधीकधी कॅक्टसवर वाळकी फुलं चिकटवून विकतात, त्याच रांगेत हे रोपही बसवलं जातं. माझ्या मते हा अन्याय आहे. खिडकीतल्या कुठल्याही कॅक्टसमागे एवढी मोठी भानगड नसेल.

भानगड अशी, की हा एक कॅक्टस नाहीच, दोन आहेत. वरचा गोळा मूळचा पॅराग्वेचा. आणि खालचं ते तीनधारी खोड? सांगली-सोलापूरकडे सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा पाहिल्या असतील, तर एकदा घरातल्या कुंडीकडे वाकून बघा. त्याच तीन धारा, धारेवर ठरावीक अंतराने तेच आखूड काट्यांचे झुबके. कलमाचा खुंट म्हणून वापरलेलं हे ड्रॅगन फ्रूटचंच खोड आहे. असल्याच एका बागेत शेतकऱ्याशी गप्पा मारताना हे माझ्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून मी या खोडाच्या मागे लागलो.

वरच्या गोळ्याचं गोत्र थोडक्यात आटोपतं. प्रागचा कॅक्टसवेडा आल्बेर्टो व्होयतेख फ्रिच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅराग्वेत भटकला. त्याने आणलेल्या एका छोट्या कॅक्टसला 1905 साली मिहानोविच हे नाव मिळालं. निकोलास मिहानोविच हा दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून अर्जेंटिनात जाऊन गबर झालेला जहाजमालक. तिथल्या नद्यांवर त्याच्या बोटी चालत. वनस्पती हुडकत फिरणाऱ्याला बोटवाल्याची मर्जी सांभाळावी लागते, त्यामुळे या नावामागे फुकट प्रवासाची परतफेड असावी असा माझा तर्क. मूळ रोप मात्र मळकट हिरवं-तपकिरी. लाल अजिबात नाही.

लाल रंग आला जपानमध्ये. 1941 साली एईजी वातानाबे यांना या जातीच्या हजारो रोपट्यांमध्ये दोन लाल रोपटी दिसली. लाल म्हणजे हरितद्रव्यच नसलेली. हरितद्रव्य नाही म्हणजे अन्न शिजवायला चूलच नाही. बियाण्यातली शिदोरी संपली की असली रोपं मरतात. वातानाबेंनी ती कापून दुसऱ्या कॅक्टसच्या खोडावर बसवली आणि ती जगली. त्यांना पिल्लं फुटली, पिल्लांची पुन्हा कलमं झाली. पुढे कोरियाने हा धंदा इतका वाढवला, की युरोपच्या बाजारातली असली कलमं बहुतांशी तिथूनच जातात.

कॅक्टसवर कॅक्टसचं कलम युरोपातले माळी एकोणिसाव्या शतकातच करत होते. तरी जगभर पोचलेलं हे लाल डोकं जपानमध्येच का निपजलं? मला वाटतं, याचं उत्तर कलिंगडात आहे. 1920 च्या दशकात जपानी शेतकरी मर रोगाला कंटाळून कलिंगडाचं रोप भोपळ्याच्या खुंटावर बांधू लागले. जिथे साध्या शेतकऱ्याचा हात कोवळ्या रोपांवर बसलेला, तिथे बिनहिरव्या रोपट्याला दत्तक आई शोधणं कुणाला विचित्र वाटणार? आपल्याकडे नाही का, चिकू खिरणीवर चढतो आणि नाशिकची द्राक्षं डॉगरिज नावाच्या अमेरिकी खुंटावर उभी असतात.

पण खरी गोम खालच्या खोडात आहे. ते मध्य अमेरिकेचं, मग आशियात आलं कसं? नेहमीचं उत्तर ठरलेलं : फ्रेंचांनी व्हिएतनाममध्ये आणलं. मला ते पटत नाही. या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हॅवर्थने, 1830 साली, आणि ते चीनहून इंग्लंडात आलेल्या रोपावरून. अमेरिकेचा कॅक्टस, पण त्याचं बारसं झालं चिनी पत्त्यावर! फ्रेंच आरमार व्हिएतनामवर चालून गेलं 1858 साली. म्हणजे त्याआधी किमान अठ्ठावीस वर्षं ही वेल चीनमध्ये नांदत होती.

अमेरिकेची वनस्पती म्हटली की आपल्याला पोर्तुगीज आठवतात. मिरची, काजू, अननस त्यांच्याकडूनच आले. या बाबतीत मात्र माझं मत स्पॅनिश जहाजांच्या पारड्यात. 1565 पासून 1815 पर्यंत मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून मनिलाला जहाजं जात होती. जाताना चांदी, परतताना चिनी रेशीम, आणि मनिलात चिनी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती. या कॅक्टसचा तुकडा महिनोन्‌महिने कोरडा पडला तरी मरत नाही, उलट मातीला टेकला की मुळं सोडतो. प्रशांत महासागर ओलांडायला यापेक्षा सोशिक उतारू कुठला? शिवाय दक्षिण चीनमध्ये त्याची फुलं वाळवून सूपमध्ये घालतात, म्हणजे तिथे तो फळापेक्षा फुलासाठी रुजला असावा. तिथून तैवान जवळ, आणि तैवान 1895 ते 1945 जपानच्याच ताब्यात. वातानाबेंच्या आधीच हे खोड जपानी माळ्यांच्या ओळखीचं झालं असणार, असं मी धरून चालतो.

फुलाचं म्हणाल, तर ते आपल्यालाही अनोळखी नाही. मराठी घरांत रात्री अकराला शेजाऱ्यांना बोलावून ज्याची पूजा होते ते कुंडीतलं ब्रह्मकमळ याच्याच भाऊबंदातलं, मेक्सिकोकडचा बिनकाट्याचा कॅक्टस. ‘आम्ही घरात कॅक्टस ठेवत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो.

आणि एक गंमत. लाल डोक्याचा रंग बीटालेन गटातला, बीटमध्ये असतो तोच. ड्रॅगन फ्रूटच्या गुलाबी सालीतही तोच. वरचा आणि खालचा सोयरे नसून सगोत्र आहेत, म्हणून तर कलम जुळतं.

तरी ही सोयरीक फार टिकत नाही. काही वर्षांत खुंट पोचट होतो, बुडाशी कुजतो, आणि लोक अख्खी कुंडी फेकून देतात. तसं करू नका. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत छाटणीनंतर बांधावर फेकलेल्या फांद्या मिळतात. बोटभर जाड, वीतभर लांब तुकडा आणा, काप आठवडाभर सुकू द्या, मग लावून मुळं धरू द्या. नंतर धारदार, स्वच्छ ब्लेडने त्याचा शेंडा आडवा छाटा आणि तिन्ही धारांचे कोपरे पेन्सिलीला टोक काढतो तसे तासा. लाल गोळाही बुडाशी सपाट कापा. दोन्ही कापांवर मधोमध फिकट वर्तुळ दिसेल. ती वर्तुळं एकमेकांना निदान एका जागी तरी भिडलीच पाहिजेत, सगळं यश तिथे आहे. काप ओले असतानाच गोळा टेकवा, कुंडीखालून रबरबँड घालून ताणून बसवा आणि दहा दिवस सावलीत ठेवा. पाणी कापावर पडू देऊ नका. फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ, भर पावसाळ्यात या फंदात पडू नये.