वर्ध्याने आधीच सांगितलं होतं

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा स्टेशनातून बाहेर पडा. फ्यूजनोपोलिसकडे निघालेली आयटीवाल्यांची गर्दी सोडून दक्षिणेला, पासिर पांजांगच्या टेकाडाकडे चालू लागा. समजा, आज 13 फेब्रुवारी 1942 आहे.

आधी जळक्या तेलाचा वास येतो. काजळी अंगावर बसते आणि घामाबरोबर ओघळते. रस्त्याकडेच्या खंदकात एक पंजाबी पोरगा बसलाय, मिसरूड जेमतेम फुटलेलं. रायफलचा बोल्ट तो पागोट्याच्या टोकाने पुन्हा पुन्हा पुसतोय. तुम्ही शेजारी टेकता. तो एवढंच विचारतो, "पाणी है?"

याची 44 वी ब्रिगेड ज्या 17 व्या डिव्हिजनमधली, ती 1941 च्या जुलैत आपल्या अहमदनगरला उभी राहिली. तयारी चालली होती इराकच्या वाळवंटाची. जानेवारीअखेर बोटीतून उतरवलं ते इथे, रबराच्या मळ्यांत. जुनेजाणते जवान नव्या पलटणींसाठी आधीच काढून नेलेले. साहेबही नवा, त्याला याची बोली धड कळत नाही. जवळच 15 इंची दोन तोफा होत्या, समुद्रावर रोखलेल्या. जपानी शत्रू जमिनीवरून आला आणि इंग्रजांनी स्वतःच त्या उडवून दिल्या.

या पोराला इथे पाठवताना कोणाला विचारलं होतं? कोणालाच नाही. ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध पेटण्याआधीच, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने निषेध केला होता: विधिमंडळाची संमती न घेता इजिप्त आणि सिंगापूरला फौजा धाडल्या म्हणून. तो ठराव कोणी मनावर घेतला असता तर हा आज आपल्या शेतात असता, असं मला राहून राहून वाटतं.

रात्री माघारीचा हुकूम येतो. दुसऱ्या दिवशी जपानी शिपाई अलेक्झांड्रा इस्पितळात घुसतात आणि सुमारे 200 जणांना मारतात. त्यात खाटेवरचे रुग्ण आहेत, डॉक्टरही आहेत. 15 तारखेला शरणागती. 17 ला फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे 45,000 हिंदी सैनिक उभे आहेत, आणि एक इंग्रज कर्नल त्यांना जपान्यांच्या हवाली करून मोकळा होतो. मग शहरातल्या चिनी पुरुषांना वेचून समुद्रकाठी नेलं जातं. हजारो परत येत नाहीत.

त्याच वर्षी, 1942 च्या ऑगस्टमध्ये, नेहरू आणि कार्यकारिणीतले त्यांचे सहकारी कैदेत पडले. कुठे, तर अहमदनगरच्या किल्ल्यात.

आता थोडं पुढे या. सप्टेंबर 1945. माउंटबॅटन सिंगापुरात जपान्यांची शरणागती स्वीकारतो. पुढच्याच महिन्यात 49 व्या ब्रिगेडमधल्या मराठा पलटणी सुराबायाला उतरतात, जपान्यांना निःशस्त्र करायला म्हणून. तीन दिवसांत त्यांची गाठ पडते ती स्वातंत्र्य मागणाऱ्या इंडोनेशियन पोरांशी. दोन्हीकडे मुडदे पडतात. तुरुंगातून सुटलेले नेहरू जाहीरपणे सांगताहेत, आमचे सैनिक तिथे वापरू नका. ते सैनिक परत यायला नोव्हेंबर 1946 उजाडला.